वार उजेडाकडे धरणाऱ्या बाई

आमच्या नर्सबाईंनी चहा गरम प्यायलेला मी कधी पाहिला नाही. आया कप आणून खिडकीत ठेवायची, त्यावर साय धरायची, आणि बाई आत नळाखाली वार धूत उभ्या असायच्या. बाळ रडलं, आईचे टाके घालून झाले, नवरा पेढे आणायला पळाला, डॉक्टरसाहेब हात पुसत वर घरी गेले, की बाकी सगळ्यांच्या लेखी बाळंतपण आटोपलेलं असे. बाळामागून पडलेल्या त्या मांसाच्या चकतीकडे कोण बघतं? बाईंच्या लेखी मात्र ती वार बघून होईपर्यंत काहीच आटोपलेलं नसे.

एनॅमलच्या ट्रेमध्ये त्या ती पसरायच्या. आधी आईकडची बाजू, मग बाळाकडची. डोळे मिटून बोटांनी एकेक भाग चाचपायच्या. मग वारेला लागून असलेल्या पातळ पडद्यात हात घालून तो वर उचलायच्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवायच्या. तेवढा वेळ कुणी बोललेलं चालत नसे. एकदा डॉक्टरसाहेबच काही विचारायला आत आले, तर त्यांना म्हणाल्या, थांबा साहेब, मी अजून इथीच आहे.

त्यांचं घर दिघोरीचं, ढिवराचं. बाप तलावात मासे धरायचा. सकाळी जाळं वाळलं की बाप आणि लेक दोन टोकांना उभे राहून ते उन्हाकडे धरायचे आणि भोकं शोधायचे. नर्सिंगच्या शाळेत वार बघायला शिकवलं तेव्हा बाईंना वाटलं, हे तर आपल्याला येतंच. मला एकदा म्हणाल्या होत्या, "जाळ्याले भोक राह्यलं तं मासोळी जाते, बाबू. इथी पडद्याचा तुकडा आत राह्यला तं बाई जाते."

मला त्या बाबू म्हणायच्या. मी पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारा माणूस, तरी बाबूच. लहानसा खाजगी दवाखाना होता, मोहाडी तालुक्यातला. आता तो नाही, म्हणून नावही सांगत नाही. बाईही नाहीत. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. दिघोरीहून माल घेऊन येणाऱ्या एका औषधवाल्यानं बोलता बोलता सांगितलं, तुमच्या त्या बाई गेल्या म्हणे. मी हो का म्हणालो आणि त्याच्याकडून हातमोज्यांचा डबा घेतला. घरी येऊन बायकोलाही बोललो नाही. बोलायचं ते मी दहा वर्षं बोललो नव्हतो, तिथे हे कुठून बोलणार.

बाईंच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही उजव्या हाताला आतल्या बाजूनं. वजनाचा काटा भावाच्या मासळीच्या दुकानातला. त्याला फडकं अडकवून त्या वार तोलायच्या आणि बाळाच्या वजनाशी ताडून पाहायच्या. रविवारी दिघोरीला जायच्या आणि सोमवारी पळसाच्या पानात सुकट झिंगे बांधून आणायच्या. सगळ्या स्टाफला वाटायच्या, घेत नसेल त्याच्या टेबलावर ठेवून द्यायच्या. माझ्या लॅबला मंगळवारपर्यंत वास यायचा. बाळंतीण कळा देत असताना तिला जोर लावायला सांगण्याऐवजी तिच्या माहेरच्या तलावात कोणती मासोळी मिळते ते विचारत बसायच्या. बाळंतीण चिडून उत्तर द्यायची, त्या चिडण्यातच बाळ व्हायचं.

आणि माझ्या रिपोर्टवरून रोज भांडण. "काही नाही निघालं" असं मी म्हटलं की त्या दारातच उभ्या राहायच्या. काही नाही म्हणजे काय काय पाह्यलं ते सांग, म्हणायच्या. मी पाहिलेलं सगळं वाचून दाखवायचो. मग मान हलवायच्या. मी मनात वैतागायचो आणि आयाजवळ त्यांची नक्कलही करायचो, ट्रे उजेडाकडे धरून, डोळे मिटून. आया खो-खो हसायची. आज कुणी माझ्या दारात येऊन तसं विचारलं तर मी त्याच्या पाया पडेन. आता मी जिथे काम करतो तिथे मशीन कागद काढून देतं आणि कुणी काही विचारत नाही.

वनिता आली तो दिवस भाताच्या कापणीचा होता. आंधळगावची सून, पहिलटकरीण. नवरा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत, आठवड्यानं घरी येणारा. बरोबर सासू होती. कळा सुरू झाल्याच होत्या. टेबलावर चढता चढता तिनं बाईंना सांगितलं की काल दुपारपासून लेकरू हललं नाही, आणि सासू म्हणते की बाळंतपण जवळ आलं की लेकरू निजते. बाईंनी तिच्या पोटावर कान लावल्यासारखी मशीन धरली. ठोके होते. पण बाईंचा चेहरा मी पाहिला, तो मला आवडला नाही.

तासाभरात मुलगी झाली. मी रक्ताच्या बाटलीसाठी दारात उभा होतो, म्हणून मला दिसली. धुतलेल्या तांदळासारखी पांढरी. निळी नाही, काळी नाही. जीव होता, श्वास होता, पण अंगात रंग म्हणून नव्हता. सगळे बाळाकडे धावले. बाईंनी एकदा बाळाकडे पाहिलं आणि मग गादीकडे, चादरीकडे, टेबलाखालच्या बादलीकडे.

"साहेब, लेकराचं रक्त गेलं कोठी? इथी तं सांडलं नाही."

डॉक्टरसाहेब म्हणाले, गाडी लावा, भंडाऱ्याला न्या. बाई बाळाला ऑक्सिजनची नळी धरून गाडीत बसायला निघाल्या. पण त्याआधी, गाडी दारात येईपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत, त्यांनी वार नळाखाली धरली. ती नेहमीच्यापेक्षा फिकट होती. कडेजवळ त्यांचं बोट थांबलं. मला हाक मारली, माझं बोट धरून तिथे लावलं. बोराएवढी टणक गाठ. वरून पाहिली तर जुन्या, सुकलेल्या रक्ताचा डाग वाटावा, एवढीच.

म्हणाल्या, एवढी गाठ बाजूच्या मांसासकट काप, फॉर्मलीनमध्ये टाक आणि आजच्या आज तपासायला नागपूरला पाठव. बाकीची वार म्हातारीनं मागितली तर देऊन टाक. आमच्याकडे पुष्कळ घरं वार मागतात. मडक्यात घालून घरी नेतात, अंगणात खोल गाडतात. बाई कधी नाही म्हणत नसत, फक्त आधी पाहून घेत.

गाडी गेली आणि सासू मडकं घेऊन माझ्या दारात आली. मी कात्री हातात घेतली होती. तिनं ती पाहिली आणि मटकन खाली बसली. म्हणाली, भाऊ, कापू नोको. अख्खी गाडली तं लेकरू घरी येते. अर्धी गाडली तं लेकराचा जीव अर्धा राह्यते. तिनं माझे पाय धरले नाहीत, रडलीही नाही. नुसतं मडकं पुढे करून बसून राहिली.

मी अख्खी वार तिच्या मडक्यात घातली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की फॉर्मलीन संपलं होतं. संपलं नव्हतं. बाटली अर्धी भरलेली होती, कपाटात, माझ्या डोळ्यांसमोर. म्हातारीची दया आली हे खरं. पण नागपूरचं पार्सल बांधायचं, चिठ्ठी लिहायची, बसच्या कंडक्टरला पटवायचं, याचा कंटाळा आला होता हेही खरं. आणि त्याखाली एक तिसरं होतं, ते सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मला वाटलं, बाईंचं नेहमीचंच आहे. प्रत्येक वारेत त्यांना काहीतरी दिसतंच.

मुलगी वाचली. भंडाऱ्याला तिला रक्त दिलं. तिथल्या बाळांच्या डॉक्टरांनी बाईंना सांगितलं की वारेतली भिंत कुठेतरी फुटली असावी, बाळाचं रक्त आईच्या रक्तात उतरलं. दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर पोटातच गेली असती. दहा-बारा दिवसांनी मुलगी गुलाबी होऊन आंधळगावला परतली. सासूनं मला गूळ आणून दिला. तुमच्यानं आली पोरगी, म्हणाली.

बाई तिसऱ्या आठवड्यात माझ्या दारात आल्या. नागपूरचा रिपोर्ट आला का, विचारलं. मी मायक्रोस्कोपातून डोळा न काढता म्हणालो, फोन केला होता, नॉर्मल आहे, कागद मागाहून येईल. मला वाटलं आता विचारतील, नॉर्मल म्हणजे काय काय पाह्यलं. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. सुटल्यासारखं हसल्या. म्हणाल्या, बरं झालं बाबू, माझ्या मनातून ते गाठ जाऊन नाही राहिली होती.

ते हसू मला अजून दिसतं. दुसरं काही विसरलो असेन.

पाच महिन्यांनी वनिता परत आली. खोकला, खोकल्यात रक्त, आणि बाळंतपणापासून थांबून थांबून अंगावर जाणं. वजन उतरलेलं. डॉक्टरसाहेबांनी छातीचा फोटो पाहून टीबी असावा म्हटलं. बाईंनी तिची लघवी माझ्याकडे पाठवली, गरोदरपणाच्या पट्टीसाठी. मला हसू आलं. थेंब टाकले आणि दोन रेघा उमटल्या, लगेच, जाड. साहेबांनी सोनोग्राफी केली. गर्भाची पिशवी रिकामी होती. साहेब म्हणाले, पट्टी चुकली.

मी लॅबवाला आहे. त्या दोन रेघांचा अर्थ मला तेव्हाच कळला. कधी लाखात एखादीच्या वारेतच कर्करोगाची गाठ धरते. ती वारेची भिंत पोखरते, म्हणून लेकराचं रक्त आईत सांडतं. आणि वार पडून गेली तरी तिचे कण आईच्या रक्तातून फुप्फुसात जाऊन वाढतात. पट्टीला वाटतं पोटात लेकरू आहे. वेळेवर कळलं तर औषधानं पूर्ण बरं होतं. कळायला वार तपासावी लागते. म्हणजे ती गाठ. म्हणजे ते मडकं.

ऑपरेशनला जाता जाता साहेब बाईंना म्हणाले, चिठ्ठी लिहून ठेवा, टीबीसाठी भंडाऱ्याला पाठवू, मी सही करतो. बाई माझ्या लॅबमध्ये आल्या, कारण टेबल तिथेच रिकामं होतं. समोर बसल्या. पेन मागितला. मी दिला.

"तो वारेचा रिपोर्ट नॉर्मल होता ना, बाबू?"

मी म्हणालो, "हो बाई."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवर ठेवून त्यांनी एकदाच दाबलं, जसं त्या दिवशी वारेवर दाबलं होतं. डोळे उघडले आणि लिहू लागल्या. भंडाऱ्याला नाही, नागपूरच्या मोठ्या दवाखान्याला. अक्षर मोठं होतं, मला उलटं वाचता येत होतं. बाळ रक्ताविना पांढरं जन्मलं. वारेत कडेला टणक गाठ होती, मी हातानं पाहिली आहे. वार तपासली गेली नाही, रिपोर्ट नाही.

इथे पेन थांबला. वर पंखा फिरत होता. बाहेर वनिता खोकत होती, सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाईंनी मान वर केली नाही. पण त्या थांबल्या होत्या, आणि कुणासाठी थांबल्या होत्या ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी काचेच्या पट्ट्या पुसत होतो. पुसलेल्याच पुन्हा पुसत होतो.

मग त्यांनी लिहिलं, चूक माझी.

माझा खोटा रिपोर्ट त्या चिठ्ठीत गेला असता, तर नागपूरवाले दुसरीकडेच शोधत बसले असते. म्हणून त्यांना तो पुसायचा होता. तो पुसायला नावं दोनच होती, आणि मी माझं दिलं नाही. साहेबांनी ऑपरेशनच्या घाईत न वाचता सही केली.

वनिता वाचली. सात-आठ महिने नागपूरला औषधं घेतली, डोक्यावरचा एकेक केस गेला, पण वाचली. तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं की ही चिठ्ठी नसती तर टीबीच्या गोळ्यांतच बाई गेली असती. त्यांनी हेही सांगितलं की वार तेव्हाच तपासली असती तर एवढं भोगावं लागलं नसतं. घरच्यांच्या लक्षात दुसरं वाक्य राहिलं.

ती सगळी एके दिवशी दवाखान्यात आली. वनितानं डोक्याला पदर घट्ट बांधला होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, ओपीडीच्या गर्दीसमोर, ती बाईंना बोलली. काय बोलली ते सगळं मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, दुसऱ्यायच्या वारा धूऊन धूऊन पाहते अन् माझीच न पाहता फेकून देली, माझ्या लेकरावर काहून राग होता तुझा? बाईंनी खाली मान घालून ऐकलं. मी लॅबच्या दारात होतो. सासू नवऱ्यामागे उभी होती. वार कुणी मागितली आणि कुणी दिली हे त्या अंगणात आम्हा दोघांना ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

साहेबांनी बाईंना आठवड्यात नोकरीतून रजा दिली. दवाखान्याच्या कागदावर चूक लिहून देणारी नर्स ठेवता येत नाही, म्हणाले, आणि त्यांच्या जागी तेही खरं होतं. बाई गेल्या तेव्हा सोमवार होता. माझ्या टेबलावर पळसाच्या पानातले झिंगे होते. मी ते खाल्ले नाहीत, फेकलेही नाहीत. वास गेला तरी पुडी कितीतरी दिवस तिथेच होती.

दिघोरी काही लांब नाही. बस थेट जाते. मी अर्ध्या वाटेवर दोनदा उतरून परत आलो आहे. तिसऱ्यांदा बसमध्ये चढलोच नाही. तुमसरच्या बाजारात सुकटीच्या टोपल्यांजवळून जाताना मी अजून मागे वळून बघतो. कुणीतरी बाबू म्हणेल, असं वाटतं. रागावून म्हणालं तरी चालेल.

सासूनं दर वर्षी माझ्याकडे नवीन तांदूळ पाठवला. पोरगी घरी आली म्हणून, असं सगळ्यांना सांगायची. मला माहीत होतं तो कशाचा होता. ती गेल्यावर वनिता पाठवू लागली. तिला काही माहीत नव्हतं. यंदा ती स्वतः आली, पोरीला घेऊन. पोरगी बारा वर्षांची, उंच, बडबडी, सातवीत. वनितानं तिला सांगितलं, पाया पड, आजी सांगत जाय, या भाऊच्यानं तू घरी आली.

पोरगी वाकली. तिच्या वेणीची रिबीन माझ्या पायाला लागली. आणि मी सांगितलं.

सगळं सांगितलं. मडकं, अर्धी बाटली, फोन, दुसऱ्यांदा म्हटलेलं हो, थांबलेला पेन. सासूचं मी सांगणार नव्हतो, गेलेल्या माणसाचं काय सांगायचं, पण ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. वनितानं पोरीला बाहेर जाऊन बस म्हटलं. ती माझ्याकडे नाही, फरशीकडे पाहत होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याच्यासाठी तयार होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"पायरीवर मी बाईले बोलली, तवा तुमी दारात होते ना, भाऊ?"

"होतो."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? मी त्या माउलीले तसं बोलली नसती." आवाज चढला नव्हता. "तुमचं तं तुमी आज टाकलं. माझ्या तोंडातून जे गेलं ते मी आता कोठी नेऊन टाकू?"

बारा वर्षं मी समजत होतो की गप्प राहून मी एक चूक लपवतोय. ते गप्प राहणं दुसऱ्या माणसाच्या हातून नवी चूक करवून घेत होतं, हे मला तिनं सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

ती उठली. पदर खोचला, पिशवी घेतली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली. पोरीला हाक मारून म्हणाली, चाल, दिघोरीची बस कितीला आहे ते इचार. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, तुमीबी चाला भाऊ, घर मले माहीत नाही, तुमाले माहीत असन. मले बाईचे पाय धरू द्या.

एक चप्पल तिच्या पायात होती, दुसरी हातात. मी तिला सांगितलं की घर मलाही माहीत नाही. आणि मग दुसरंही सांगितलं, औषधवाल्याकडून ऐकलेलं.